पेटीतली मते आणि सभागृहातल्या जागा



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढे जे शिकलो ते मोंढ्यातल्या हमालांच्या बैठकींत आणि वाचनालयातल्या जुन्या अहवालांत. तेव्हा आज विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. एका जुन्या निकालाचा हिशेब तेवढा आपल्यापुढे मांडावा असे योजले आहे. तो निकाल म्हणजे १९५२ सालच्या हैदराबाद विधानसभेच्या निवडणुकीचा. आपली बोरी आणि सारा परभणी जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता.

१९३७ साली शेजारच्या मुंबई इलाख्यात प्रांतिक निवडणूक झाली. तिथेही मत सर्वांना नव्हते. मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटी होत्या. आपण तर निजामाच्या राज्यातले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले, तरी १९५० पासून मुख्यमंत्री म्हणून वेल्लोडी हे सनदी अधिकारी नेमलेले होते. १९५२ साली मात्र एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला मत मिळाले. देशमुखाला एक, त्याच्या सालगड्यालाही एकच! लिहिता-वाचता येणारे थोडे, म्हणून प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच काम.

आता निकाल पाहू. जागा १७५. काँग्रेसला ९३ मिळाल्या आणि बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. उरलेल्या ८२ जागांत लोकशाही आघाडीच्या ४२, समाजवाद्यांच्या ११, शेतकरी कामगार पक्षाच्या १०, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या ५ आणि अपक्षांच्या १४. आपल्या परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे पाठविले, हेही ध्यानात ठेवावे.

परंतु जागांच्या रकान्याशेजारी मतांचा रकाना असतो, आणि तो फारसे कोणी वाचीत नाही. काँग्रेसला शंभरांतली सुमारे ४२ मते मिळाली. जागा मात्र शंभरांत ५३ या प्रमाणात. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारांनी दुसऱ्या कोणाला मत दिले होते. यात लबाडी झाली असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, हा नियम सर्वांना सारखाच होता. विरोधातली मते चार वाटांनी गेली, तिथे नियम काय करणार?

त्याच निकालात उलट उदाहरणही आहे. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबादेत बंदी होती, म्हणून त्याची माणसे लोकशाही आघाडीच्या नावाने उभी राहिली. त्यांना मते शंभरांत सुमारे २१, आणि जागा २४ या प्रमाणात. हे कसे झाले? त्यांची मते राज्यभर विखुरलेली नव्हती. तेलंगणात जिथे जमिनीसाठी लढा झाला तिथेच ती एकवटली होती. नलगोंड्यातून लोकसभेला उभे राहिलेले रावी नारायण रेड्डी यांना तर पंडित नेहरूंहून अधिक मते पडली. सारांश, मते किती हा एक प्रश्न. ती एका ठिकाणी आहेत की नाहीत, हा दुसरा.

हा धडा आम्ही पुस्तकातून घेतला, पण कळला तो ठेच लागल्यावर. आमच्या संघटनेच्या एका निवडणुकीत एकाच पदासाठी हमालांचे तिघे उभे राहिले. तिघेही भले. मते तिघांत वाटली गेली आणि व्यापाऱ्यांच्या मर्जीतला चौथा निवडून आला. तिघांना एकत्र बसविणे आमचे काम होते. कोणाचे मन दुखवायला नको म्हणून आम्ही ते टाळले. पुढे मजुरीचा दर वाढायला दोन वर्षे लागली आणि ती भरपाई कोणी केली नाही.

आज तर त्याहून मोठी विखुरणी आपल्या डोळ्यांपुढे होते आहे. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुराचे नाव गावच्या यादीत आणि माणूस शेकडो मैलांवरच्या फडात! मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटीचा कायदा आहे, तो रोजंदारीवाल्यालाही लागू आहे. पण उचल घेऊन गेलेला मजूर मुकादमाला सोडून येणार कसा? टपाली मतदान सैनिकाला आहे, निवडणुकीच्या कामावरच्या नोकराला आहे. कोयत्याला ते नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मजूर जिथे कामावर आहे तिथून त्याला गावचे मत देता यावे. ती मान्य होईपर्यंत, ज्या वर्षी निवडणूक हंगामात येईल त्या वर्षी निघण्यापूर्वी गावोगाव याद्या कराव्यात आणि येण्याजाण्याची गाडी व त्या दिवसाची मजुरी उचलीच्या करारातच लिहून घ्यावी. १९५२ साली ज्या सालगड्याने भीतभीत पहिली मतपत्रिका पेटीत टाकली, त्याचाच नातू आज फडात आहे. आजोबाला मिळालेले मत नातवाच्या हातून सुटता कामा नये. ते काम आपण या गावातून सुरू करू या.