व्यवहार न थांबवता बदल



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने सर्व्हरविषयी बोलावे, हे आपणांस काहीसे विपरीत वाटेल. परंतु चालू व्यवहार न थांबवता त्यात बदल कसा घडवावा, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला परका नाही.

जी सेवा अहोरात्र चालायची, ती एकाच यंत्रावर विसंबून ठेवत नाहीत. अनेक सर्व्हरचा समूह, म्हणजे क्लस्टर, उभारतात. कुबरनेटिस या प्रणालीची सारी नोंदवही सांभाळणारे एटसीडी हे सॉफ्टवेअर पाहा. त्याचे बहुधा तीन किंवा पाच सदस्य असतात आणि प्रत्येक नोंदीला बहुमत लागते. नवी आवृत्ती आणताना प्रथम सर्व सदस्य सुस्थितीत आहेत ना, हे पाहतात. नोंदींची प्रत राखून ठेवतात. मग एकच सदस्य थांबवून बदलतात. तो समूहात पुन्हा रुळल्यावरच दुसऱ्याला हात लावतात. नायक असलेला सदस्य थांबला, तर नव्या निवडीपुरता क्षणभर खोळंबा होतो. तिघांपैकी एक बाजूला असता उरलेले दोघे बहुमत राखतात. त्याच वेळी आणखी एक कोसळला, तर काम थांबते. पाच असतील, तर तेवढा आघात सोसता येतो.

मला विशेष मोलाची वाटते ती गोष्ट पुढची. शेवटचा सदस्य बदलेपर्यंत सारा समूह जुन्या आवृत्तीच्या मर्यादेतच वागतो. नवे सदस्य जुन्यांना समजेल असेच बोलतात आणि तोवर परतीची वाट खुली असते. २०२१ साली आलेल्या ३.५ या आवृत्तीत शेवटचा सदस्य बदलताच ती वाट बंद होई. मग आधार उरे तो राखलेल्या प्रतीचाच.

१९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी लेखनाचे नवे नियम मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यासाठी कोणी ग्रंथालयांना टाळे लावले नाही. जुनी आणि नवी पुस्तके एकाच कपाटात राहिली. माझ्या पिढीने दोन्ही वाचली. नव्याला जुने कळत होते, म्हणूनच वाचन खंडित झाले नाही.

आपल्यापैकी जे रात्री जागून सर्व्हरची निगा राखतात, त्यांचे काम निर्वेध पार पडले की ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिक्षकाच्या कामाचेही तसेच आहे. ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिली आहे, त्यांच्याप्रमाणेच या न दिसणाऱ्या श्रमांनाही माझे अभिवादन.