हिमप्रदेशांतील मुरघास

थंडीच्या दिवसांत दहीं नीट लागत नाहीं, ही तक्रार आपल्या घरोघर ऐकूं येते. गृहिणी मग विरजण थोडें अधिक घालते आणि भांडें उबदार जागीं गुंडाळून ठेवते. माझा आजचा विषय ऐकावयास रुक्ष वाटेल. परंतु त्याचें मर्म या दह्याच्या भांड्यांतच आहे. विषय आहे अतिशीत प्रदेशांत गुरांचा हिरवा चारा आंबवून टिकविण्याचा.

फिनलंड देश डोळ्यांपुढें आणा. तेथें वर्षांतले सात-आठ महिने गाई गोठ्यांत बांधलेल्या असतात. गवत वाळवून ठेवावें म्हटलें, तर उन्हाळा आखूड आणि पावसाळी; कापलेलें गवत शेतांतच काळें पडतें. वाळलें तरी पानें झडून जातात, आणि सत्त्व तर पानांतच अधिक. म्हणून गवत हिरवेंच दाबून, हवा कोंडून ठेवावयाचें. यालाच आपले शेतकरी मुरघास म्हणतात.

हवा कोंडली म्हणजे आंत एक शर्यत सुरू होते. गवताच्या अंगावर दुग्धाम्लाचे जंतु असतात. हे आपल्या दह्यांतील जंतूंचेच भाऊबंद. ते गवतांतील साखरेचें दुग्धाम्ल करतात, आणि त्या आंबटपणापुढें इतर जंतूंचें कांहीं चालत नाहीं. पण मातीबरोबर दुसरेंहि एक कूळ आंत आलेलें असतें, तें ब्यूटिरिक आम्ल करणारें. खवट लोण्याला जी घाण येते ती याच आम्लाची. आंबटपणा वेळेवर चढला नाहीं, तर हें कूळ तयार झालेलें दुग्धाम्लच खाऊन टाकतें आणि प्रथिनांचा नाश करतें. थंड मुलुखांत नेमकें हेंच भय. ओल्या गवतांत शंभर भागांपैकीं ऐंशीहून अधिक पाणी, दुग्धाम्लाचे जंतु मुळांत थोडे, आणि गारठ्यानें त्यांचे हात आंखडलेले.

नुकसान चाऱ्यापुरतेंच थांबत नाहीं. त्या दुष्ट कुळाचीं बीजें शेणावाटे गाईच्या सडांना लागतात, तेथून दुधांत उतरतात, आणि दूध पाश्चराइज केलें तरी मरत नाहींत. त्या दुधाचें चीज आठवड्यांनीं, महिन्यांनीं आंतून फुगून फुटतें. स्वित्झर्लंडांत अस्सल एमेंटाल चीजसाठीं मुरघास खाणाऱ्या गाईंचें दूध आजहि वर्ज्य आहे, तें याच कारणानें.

हेलसिंकीचे रसायनज्ञ आर्तुरी इल्मारी व्हिर्तानेन (१८९५-१९७३) हे लोण्याची निर्यात करणाऱ्या एका सहकारी संघाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत सरळ विचार केला: जंतु आंबटपणा आणतील म्हणून वाट कां पाहावी? गवत भरतांनाच हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्यूरिक आम्लांचें पातळ मिश्रण त्यावर शिंपडावें, म्हणजे आंबटपणाचें माप, पी-एच, एकदम ४ च्या खालीं येतें आणि नासाडी जागच्या जागीं थांबते. प्रथिनें वांचलीं, कॅरोटीनहि टिकलें, त्यामुळें हिवाळ्यांतल्या लोण्याला पुन्हां पिवळा रंग आला. त्यांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीस 'ए. आय. व्ही.' असें नांव पडलें, आणि १९४५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना प्रामुख्यानें याच कामाबद्दल मिळालें. गुरांच्या चाऱ्याला नोबेल! वर्गांत मीं हें सांगितलें तेव्हां मुलें हंसलीं. मला राग आला नाहीं. शहरांतल्या मुलांच्या लेखीं दूध पिशवींतच उगवतें.

पण तीं आम्लें हात भाजीत, हत्यारें गंजवीत. म्हणून १९६० नंतरच्या दशकांत त्यांची जागा मुख्यतः फॉर्मिक आम्लानें घेतली. मुंगी चावल्यावर जी आग होते, तिच्यांत याच आम्लाचा हात असतो.

आतां पुन्हां विरजणाकडे येऊं. निवडक जंतूंची वाळविलेली भुकटी आज बाजारांत मिळते. ती पाण्यांत मिसळून गवतावर फवारतात. प्रमाण एका ग्रॅम गवतास लाखभर जंतु. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या नांवानें ओळखिला गेलेला जंतु यांत अग्रगण्य. तो ग्लूकोज साखरेच्या एका रेणूचे दुग्धाम्लाचे दोन रेणू करतो, वायूरूपानें कांहींच दवडीत नाहीं. असा काटकसरी कारभारी विरळाच. ब्यूखनेरी नांवाचा दुसरा जंतु थोडें सिरक्याचें आम्लहि करतो. तें खर्चाचें खरें, पण मुरघास उघडल्यावर तो तापत नाहीं, बुरसटत नाहीं. लोणच्याची बरणी फोडल्यानंतरच तिची खरी परीक्षा असते, हें ज्यानें माझ्यासारखी वरच्या तेलाची हयगय करून अख्खी बरणी घालविली आहे, त्याला सांगावयास नको.

मात्र विरजण म्हणजे जादू नव्हे. गवतांत साखरच नसेल, किंवा प्लॅस्टिकच्या आवरणास भोंक पडलें असेल, तर लाखांचे कोटि जंतु घालूनहि उपयोग नाहीं. कापलेलें गवत आधीं कोमेजूं देऊन त्यांतील पाणी शंभरांत सत्तरापर्यंत आणावें लागतें, आणि पाऊस तेवढी उसंत देईलच असें नाहीं. अशा ओल्या वर्षीं फिनलंडचा शेतकरी अजूनहि आम्लाचाच आधार घेतो, आणि माझ्या मतें तो शहाणा आहे. दुसरीकडे, दहा-पंधरा अंशांच्या गारठ्यांतहि नेटानें काम करतील अशा जंतूंचा शोध चालू आहे. तिबेटच्या पठारावरील गवतांतून ते वेंचले जात आहेत.

जानेवारींत, दारापुढें गुडघाभर बर्फ असतांना शेतकरी पहिला गठ्ठा फोडतो आणि मूठभर चारा नाकाशीं नेतो. आंबूस, प्रसन्न वास आला तर तो गाईंपुढें टाकतो. खवट आला, तर तो वास हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत जात नाहीं.