घरगुती तपासणी आणि मुलाचा विश्वास



मुलगा नशेच्या नादी लागला असावा अशी शंका येताच लघवी तपासण्याची पट्टी विकत आणावी काय, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येतो. खेड्यात असा सल्ला विचारावयाचा तो बहुधा गुरुजींना किंवा बाईंनाच. तेव्हा याचा विचार आपण आधीच करून ठेवणे इष्ट होय.

प्रथम पट्टी काय सांगते ते पाहू. ठराविक पदार्थांचे अंश ठराविक मर्यादेपलीकडे आहेत किंवा नाहीत, एवढेच ती दर्शविते. अफूच्या वर्गातील पदार्थ साधारणतः दोन-तीन दिवसच सापडतात. नित्य गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत मात्र त्याचे अंश कित्येक आठवडे राहतात. खसखस खाल्ल्यानेही पट्टीवर अफूची खूण उमटू शकते. याच कारणास्तव अमेरिकेत सरकारी नियमांखालील तपासणीची मर्यादा १९९८ साली दर मिलिलिटरास ३०० नॅनोग्रॅमवरून २००० करण्यात आली. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधानेही तसेच घडते. उलटपक्षी तंबाखू, गुटखा आणि हुंगण्याचे चिकटद्रव्य नेहमीच्या पट्टीस सापडतच नाहीत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आढळले. सारांश, पट्टी निर्दोष मुलास दोषी ठरवील आणि खऱ्या व्यसनावर पांघरूणही घालील.

याहून मोठी हानी निराळीच आहे. फसवून वा धाकाने तपासणी केली की घर हे मुलाच्या दृष्टीने चौकीसारखे होते. मग संकटात सापडलेले मूल नेमके आईबापांपासूनच सत्य लपविते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २००७ साली घरगुती व शालेय तपासणीबाबत तीव्र साशंकता व्यक्त केली, ती उगीच नव्हे.

मग पालकांस काय सांगावे? मुलाशी एकांतात, न रागावता बोलावे. वारंवार गैरहजेरी, अभ्यासातील एकाएकी घसरण, कपड्यांना येणारा उग्र वास यांची नोंद आपण ठेवावी. परंतु तेवढ्यावरून निर्णय देऊ नये, कारण दुःख, उपासमार वा आजारही अशीच चिन्हे दाखवितात. शंका बळावल्यास आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे न्यावे. तपासणी आवश्यक वाटल्यास ती त्यांच्या देखरेखीखाली, मुलास विश्वासात घेऊन व्हावी. १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनीवरही मार्गदर्शन मिळते.

मुलाच्या हाती नशा देणाऱ्यास मात्र क्षमा नसावी. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमान्वये त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी एकच विनंती. मुलाचे नाव शिक्षकांच्या खोलीत चर्चेस येऊ देऊ नका. गावात एकदा लागलेला डाग पुसावयास वर्षे लागतात. शाळेची वाट मात्र त्या मुलास उद्याच पुन्हा चालावयाची असते.