शेजारी बसणे मोजता येते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाई आमंत्रण द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या नोकरीविषयी सांगा, पण बायकांना भीती वाटेल असे काही नको." त्यांचा हेतू चांगलाच होता. ठाणे आणि येरवडा ही नावे आपल्याकडे थट्टेत कशासाठी घेतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा भीतीचे काही सांगत नाही. मी ३३ वर्षे परिचारिका होते आणि त्यांतली बरीचशी वर्षे मानसिक आजाराच्या वॉर्डात गेली. त्या काळात ज्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, तो आज आपणांपुढे ठेवते. परिचारिका आणि रुग्ण यांच्यात एक नाते जुळते आणि त्याने रुग्णाला बरे होण्यास हात मिळतो, असे आम्ही सगळ्याजणी म्हणतो. पण ते नाते खरोखर जुळले की नाही, हे ओळखायचे कसे?

ताप उतरला की तक्त्यावर दिसतो. जखम भरली की पट्टी सोडताना डोळ्यांना दिसते. आमच्या रजिस्टरातही गोळ्या, जेवण, झोप, वजन अशा सगळ्यांना रकाने होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो मे २०१८ मध्ये अंमलात आला, रुग्णाला साखळीने बांधण्यास साफ बंदी केली. अंगाला आवर घालणे भागच पडले, तर तेही दुसरा इलाज नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने. शिवाय कसे, का आणि किती वेळ हे ताबडतोब कागदावर लिहिले पाहिजे. फार चांगले झाले. पण गंमत पाहा. बांधले तर त्याची नोंद होते. बांधण्याची वेळ येऊ नये म्हणून एखादी सिस्टर रात्री दोन वाजता अर्धा तास खाटेशेजारी बसली, तर त्या अर्ध्या तासाला रकाना नाही. सकाळी रजिस्टरात एवढेच येते, "रुग्ण शांत."

हा प्रश्न काही मलाच पडलेला नाही. अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाउ नावाच्या परिचारिका होत्या. परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५२ साली निघाला. खरे तर तो चार वर्षे आधीच लिहून तयार होता. परंतु डॉक्टरांचे नाव जोडीला न घेता एका परिचारिकेने असा ग्रंथ लिहावा, हे त्या वेळच्या मंडळींना पचण्यासारखे नव्हते. (हे वाचले तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.) त्यांचे म्हणणे असे की, हे नाते म्हणजे कामाच्या कडेचा गोडवा नव्हे, तेच काम आहे. आरंभी दोघी एकमेकींना परक्या असतात, हळूहळू ओळख पटते, रुग्ण त्या नात्याचा आधार घेते, आणि शेवटी तो आधार सुटावा लागतो. आमच्याकडे शेवटच्या पायरीचा विचार क्वचितच होत असे. रुग्ण घरी जाण्याच्या दिवशी सिस्टरची पाळी बदललेली असे.

दुसऱ्या बाई ॲनी अल्टशुल. मूळच्या व्हिएन्नाच्या, निर्वासित म्हणून इंग्लंडात आल्या, परिचारिका झाल्या आणि पुढे एडिंबरोला प्राध्यापिका झाल्या. वॉर्डात कोण कोणाशी बोलते याचे त्यांनी निरीक्षण केले आणि १९७२ साली ते प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की, आपण अमुक रुग्णाशी असे का वागतो, ह्यामागे कोणता विचार आहे, हे परिचारिकांना सांगता येत नव्हते. रुग्ण मात्र त्या सहवासाचा उपयोग झाला असे सांगत. म्हणजे करणारीला नाव माहीत नाही, आणि घेणाऱ्याला गुण आलेला.

आमच्या वॉर्डात एक काकू होत्या. भिंतीकडे तोंड करून बसत, कोणाशी बोलत नसत. माझ्याबरोबरची एक तरुण सिस्टर दुपारच्या चहानंतर दहा मिनिटे त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागली. काही विचारायची नाही. कधी मेथीची जुडी निवडायला न्यायची, कधी नुसतीच बसायची. एका पाळीला आम्ही दोघी आणि चाळीस खाटा, त्यामुळे तिच्या वाटचे काम मला पडे आणि मी कुरकुरत असे, हेही सांगते. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात तिला यायला वेळ झाला. काकूंनी भिंतीकडचे तोंड वळवले आणि विचारले, "आज उशीर का झाला गं?"

आता ह्याला कोणत्या रकान्यात घालाल?

कोणी म्हणेल, घड्याळ लावा आणि मिनिटे मोजा. ते पुरत नाही. ज्या रुग्णाला स्वतःच्या जिवाला अपाय करण्याचा धोका असतो, त्याच्यापाशी सतत कोणीतरी ठेवतात. एक सिस्टर दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचते. दुसरी जवळ बसून पत्ते पिसते, दोन शब्द बोलते. कागदावर दोघींचा एकच तास. रुग्णाला मात्र पहिली पहारेकरी वाटते, आणि दुसरी सोबत.

मग १९७९ साली बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्या नात्याची तीन अंगे दाखवली: कुठे पोचायचे ह्यावर दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे ह्यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. त्यावरून १९८९ मध्ये होर्वाथ आणि ग्रीनबर्ग ह्यांनी प्रश्नावली केली. मला ही फोड फार आवडते, कारण आमचा गोंधळ पहिल्याच अंगात असे. एका आईला मुलीच्या दहावीच्या परीक्षेपूर्वी घरी जायचे होते. आमचे ध्येय तिने गोळ्या घ्याव्या आणि झोपावे एवढेच. दोघी एकमेकींशी गोडच बोलत होतो, पण वाटा वेगळ्या. परीक्षेची तारीख पुढे ठेवून तिच्याशी औषधांचे बोलू लागलो, तेव्हा गाडी रुळावर आली.

अलीकडे इंग्लंडात खास मानसिक आजाराच्या परिचारिकांसाठी अशीच एक प्रश्नावली झाली आहे. ती करताना रुग्णांनाही बरोबर घेतले, आणि तिचे दोन कागद आहेत, एक परिचारिकेसाठी आणि एक रुग्णासाठी. ह्या दोन कागदांतच सारे आहे असे माझे मत आहे. सिस्टर म्हणते, मी नीट ऐकून घेतले. रुग्ण म्हणतो, मला कोणी ऐकलेच नाही. दोघेही खरे बोलत असतात. ही तफावत सापडणे हाच मोजण्याचा उपयोग. सिस्टरला गुण देऊन पहिली-दुसरी काढण्यासाठी मोजायचे असेल, तर न मोजलेले बरे.

"माया काय तराजूत घालायची?" असे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला विचारले होते. माया नका घालू. पण ज्याची नोंद नाही त्याला वेळ कोणी देत नाही. माणसे कमी पडली की पहिली कात्री त्यालाच लागते.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. चहा, फोन, भेटीची वेळ, दाराची किल्ली हे सगळे सिस्टरच्या हाती. त्याच सिस्टरने कागद पुढे केला, तर रुग्ण "सर्व उत्तम" असेच लिहिणार. म्हणून कागद दुसऱ्या कोणी गोळा करावा, नाव नसावे, आणि घरी गेल्यावरही एकदा विचारावे. सिस्टर विष घालते असे ज्याला वाटते, त्याचे उत्तर धरायचे का, असेही विचारतात. धरायचे. फक्त एका दिवसाचे नव्हे. महिन्याभराची उत्तरे शेजारी ठेवून वाचायची.

आपल्या घरी परतलेल्या माणसाचेही असेच आहे. औषध वेळेवर देणारी घरे मी खूप पाहिली, आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण कित्येक घरांत "गोळी घेतलीस का?" हे दिवसभरात त्या माणसाशी बोललेले एकच वाक्य असते. घरच्यांचाही जीव मेटाकुटीला येतो, हे मी जाणते. त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येते.

मंडळाच्या काही भगिनी महिन्यातून एकदा वॉर्डात भेटीला जाण्याचे योजीत आहेत, असे कळले. जाण्यापूर्वी तिथल्या मुख्य सिस्टरांना विचारावे. फळे, बिस्किटे न्यावी की नाही हेही त्याच सांगतील. दर वेळी तोच वार आणि तीच वेळ ठेवा, आणि जमणार नसेल तर आधी निरोप धाडा. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. पहिल्या खेपेला मी बरोबर येईन.