सही करण्याआधी…

मी कॉम्प्युटरवाला, वकील नव्हे. पण मागच्या वर्षी ओळखीच्या एका विद्यार्थ्यासोबत इथे टेक्सासमध्ये कोर्टाच्या चार-पाच खेपा झाल्या. त्यात शिकलो ते सांगतो.

टेक्सासमध्ये २०१५ पासून २,५०० डॉलर्स किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी साधारणपणे ‘फेलनी’ ठरते. ३०,००० च्या आत असेल तर १८० दिवस ते २ वर्षं कैद होऊ शकते. सिनेमातल्यासारखा ज्यूरीपुढचा खटला क्वचितच चालतो. बहुतेक केसेस दोन्ही वकिलांच्या बोलण्यांतच मिटतात.

आमच्या पोराची चूक होतीच. त्याला ऑफर आली: गुन्हा कबूल कर, दुकानाचे पैसे भर, प्रोबेशन पार पाड, मग केस डिसमिस! याला म्हणतात ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’. पठ्ठ्या सही करायलाच निघाला. मी विचारलं, "आणि व्हिसाचं काय?"

मेख तिथेच होती. राज्याच्या लेखी तो दोषी ठरत नाही. पण १९९६ च्या कायद्याप्रमाणे इमिग्रेशनच्या लेखी कबुली अधिक प्रोबेशन म्हणजे दोषीच. आमच्या भाषेत, एका डेटाबेसमधून रेकॉर्ड पुसलं, दुसऱ्यात राहिलं!

शेवटी वकिलांनी कबुलीशिवायचं ‘प्रीट्रायल डायव्हर्जन’ मिळवलं. अटक झाल्याचं मात्र व्हिसाच्या फॉर्मवर त्याला कायम सांगावंच लागेल.

अशी धोक्याची सूचना देणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पॅडिला खटल्यात सांगितलंय. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आपण प्रकरण दडपतो आणि घाईने सही करतो. तेवढं करू नका, मंडळी. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.