हवेचा तिसरा वाटा
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



पाण्याखालच्या गुहांत उतरणे हा वेडेपणा नव्हे काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आज शाळेच्या व्यासपीठावरून त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे म्हणतो.

तारकर्लीला किंवा अंदमानात आपल्यापैकी काहींनी स्कूबा डायव्हिंग केले असेल. तेथे डोक्यावर मोकळे पाणी असते. गुहेत डोक्यावर खडक असतो. संकट कोठेही ओढवले तरी बाहेर पडण्याची वाट तीच, ज्या वाटेने आत आलो. शिवाय पायाचा एक फटका चुकला की तळाचा गाळ उसळतो आणि विजेरी हातात असून अंधार होतो. म्हणून तोंडापासून आतपर्यंत अखंड दोरी बांधत जायचे आणि तिच्यावर बाहेरची दिशा दाखविणारे बाण लावायचे. ते बाण बोटांनी वाचता आले पाहिजेत.

फ्लोरिडातील शेक एक्सली हे हायस्कुलात गणित शिकवीत. गुहांमध्ये मृत्यू पावलेल्या पाणबुड्यांच्या घटना त्यांनी एकेक करून तपासल्या आणि 1979 साली एक छोटे पुस्तक लिहिले. अखंड दोरी नसणे, परतीसाठी हवा न राखणे आणि झेपणार नाही इतके खोल जाणे, ही तीन कारणे त्यांना पुनःपुन्हा आढळली. (स्वतः एक्सलींचा अंतही 1994 साली मेक्सिकोतील साकातोन या अतिखोल विवरात झाला.)

हवेचा नियम असा : एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला वाटा राखीव. हा राखीव वाटा आपल्या सोयीसाठी आहे, असे नवख्याला वाटते. वस्तुतः तो सोबत्याचा असतो. सर्वांत दूरच्या बिंदूवर सोबत्याची सारी हवा गेली, तर माझ्याजवळ दोन तृतीयांश उरलेली असते. दोघांना बाहेर यायला नेमकी तेवढीच लागते. या गणितात घाबरल्यामुळे वाढणाऱ्या श्वासांची तरतूद मात्र नाही. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते. म्हणून जाणते लोक तृतीयांश संपण्याआधीच मागे वळतात, मग पुढे कितीही सुंदर दालन दिसत असो.

हा हिशेब 2018 साली थायलंडमधील थाम लुआंग गुहेत साऱ्या जगासमोर आला. 23 जून रोजी 12 मुले आणि त्यांचे फुटबॉल प्रशिक्षक आत अडकले. 2 जुलैला रिक स्टँटन आणि जॉन वोलँथन या ब्रिटिश पाणबुड्यांना ते सापडले. दोघांचीही ही हौस होती; स्टँटन अग्निशमन दलात नोकरी केलेले. पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर कंपनीचे पंपतज्ज्ञही तेथे गेले होते, हे आपल्याला ठाऊक असेलच. 6 जुलैला, हवेचे सिलिंडर पोहोचवून परतताना बेशुद्ध होऊन, थाई नौदलाचे माजी जवान समन कुनान यांचा मृत्यू झाला.

पालकांनो, पुढचा प्रश्न आपणच स्वतःला विचारून पाहा. पाण्याखाली मूल घाबरले, तर ते मुखवटा ओढून काढणार आणि वाचविणाऱ्यालाही घेऊन बुडणार. तेथे हवा वाटून घेण्याचा नियम चालत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना भूल दिली, त्यांचे हात बांधले, संपूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे चढविले; आणि वाटेत भुलीची पुढची मात्रा पाणबुड्यांनीच टोचावी असे ठरले. स्वतः हॅरिसनाही ही योजना यशस्वी होईल असे वाटत नव्हते. 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत सर्व तेरा जण जिवंत बाहेर आले.

अखेरच्या दिवशी एका पाणबुड्याच्या हातून दोरी सुटली. दिसत काहीच नव्हते, एका हातात बेशुद्ध मुलगा. चाचपडताना एक विजेची तार सापडली. तिच्या आधाराने तो निघाला, तेव्हा ती त्याला मागच्या दालनात घेऊन गेली. तो तेथेच थांबला. मागून हॅरिस आले, त्यांनी मुलाला ताब्यात घेतले, आणि तो त्यांच्या मागोमाग बाहेर आला.