खिशातले गाणे आणि चालणारे पाऊल

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि पुढे जुन्या रायपूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर त्याची नवी राजधानी आखली गेली. २०१८ साली या नगरीच्या नावाला अटलनगर हे पद जोडण्यात आले. तथापि लोकांच्या तोंडी नवा रायपूर हेच नाव रुळले आहे. महानदी भवन हे येथील सचिवालय, शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे भव्य क्रिकेट मैदान, सेंध जलाशयाचा विस्तीर्ण काठ, आणि या सर्वांना जोडणारे सरळ, रुंद, बहुधा मोकळे रस्ते. नगर माणसांनी भरण्याच्या आधीच त्याचे रस्ते बांधून तयार झाले, आणि या उलट्या क्रमाचा लाभ पहाटे फिरावयास निघणाऱ्यांना झाला. जुन्या रायपुरात तेलीबांधा तलावाच्या काठी, ज्याला तेथील लोक हौसेने मरीन ड्राइव्ह म्हणतात, चालणाऱ्याला दुसऱ्या चालणाऱ्याचा खांदा चुकवावा लागतो. येथे तसे नाही. येथे अडचण असते ती एकटेपणाची. आणि म्हणूनच येथे फिरणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानांत गाणे असते.

हे गाणे कोणत्या यंत्रातून ऐकावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला वाटतो. परंतु श्रम आणि गाणे यांचे नाते बाजाराहून फार जुने आहे. मराठी घरांतून पहाटे जाते फिरू लागले की ओवी सुरू होई. ती करमणुकीसाठी नव्हती. हाताला वेग देण्यासाठी आणि शीण विसरण्यासाठी होती. शेतात भलरी, मैदानात लेझीम, वारीच्या वाटेवर टाळमृदंग, ही सारी त्याच कुळातली. छत्तीसगढच्या भूमीवर तर याचा आणखी प्रखर दाखला आढळतो. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथातील पंथी नृत्यात मांदर आणि झांज यांची लय चढत जाते, तसतसे नर्तकांचे देह अधिकाधिक वेगाने झेपावू लागतात, आणि अखेरीस ते एकमेकांच्या खांद्यांवर मनोरे रचतात. देवदास बंजारे यांच्या पथकाने हे नृत्य देशोदेशी नेले. मांदर थांबला तर ते श्रम तितका वेळ सोसवतील काय, याची शंकाच आहे. भोसल्यांच्या राज्यापासून या मुलखात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना दोन्ही परंपरा परक्या नाहीत. माधवराव सप्रे यांच्यासारख्या मराठी माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ते याच दुहेरी आपलेपणातून.

अर्वाचीन शास्त्राने या जुन्या अनुभवाला मापे लावली आहेत. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्तास कारागिओर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यांच्या संबंधाचा अनेक वर्षे अभ्यास केला. हलक्या व मध्यम श्रमात अनुरूप संगीत ऐकल्यास श्रमाची जाणीव सुमारे एक दशांशाने कमी होते, असे या अभ्यासातून दिसते. मात्र श्रम पराकोटीला पोहोचले, की देहाची हाक गाण्यापेक्षा मोठी होते आणि ही जादू ओसरते. इथिओपियाचा धावपटू हाइले गेब्रसेलासी याने १९९८ साली बर्मिंगहॅम येथे बंदिस्त मैदानावरील २००० मीटरांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या आवडीचे एक द्रुत गाणे तेथे वाजविले जात होते, ही गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते.

तेव्हा यंत्राच्याही आधी निवडावयाची ती लय. मध्यम गतीने चालणाऱ्याची पावले मिनिटाला शंभराच्या आसपास पडतात, झपाट्याने चालणाऱ्याची एकशेवीसपर्यंत जातात, आणि धावणाऱ्याची दीडशेच्याही पुढे. भजनी ठेक्यातला अभंग चालण्याला चांगली सोबत करतो, कारण तोही पुढे पुढे लय वाढवीत जातो. विलंबित एकतालातला ख्याल कितीही थोर असला तरी व्यायामाच्या कामाचा नाही. तेथे एका मात्रेवरून दुसरीवर जाईपर्यंत चालणाऱ्याचे पाऊल अधांतरी राहावयाचे! तो घरी बसून ऐकावा.

आता यंत्राकडे वळू. १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन विक्रीस आणला. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकावयाचे होते. म्हणून वार्ताहरांसाठी बनविलेल्या एका ध्वनिमुद्रकातून मुद्रणाची सोय काढून टाकून हे यंत्र सिद्ध झाले. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांना मात्र एका गोष्टीने अस्वस्थ केले: एकट्याने कानात गाणे ऐकत बसणे हे सोबतच्या माणसाशी उद्धटपणाचे नव्हे काय? त्यांच्या आग्रहामुळे पहिल्या वॉकमनला दोन श्रवणिकांसाठी दोन छिद्रे ठेवण्यात आली, आणि एक नारिंगी कळही बसविली गेली. ती दाबली की संगीत मंद होई व बाहेरचे बोलणे कानी पडे. पुढच्या नमुन्यांत ही कळ नाहीशी झाली. ती जाणे हा तोटाच होता, असे आज म्हणावे लागेल. कशामुळे, ते पुढे येईल.

वॉकमन कमरेला लावून धावणाऱ्याला एक व्यथा ठाऊक होती. प्रत्येक धक्क्यासरशी फीत किंचित अडखळे आणि गायकाचा स्वर डळमळे. त्यानंतर आलेल्या तबकडीच्या यंत्रात सूक्ष्म प्रकाशशलाका खाच सोडून उडी मारी. २००१ सालचा पहिला आयपॉड एक हजार गाणी पोटात घेऊन आला, पण त्याच्याही आत फिरणारी तबकडी होतीच. हा प्रश्न सुटला तो ज्या स्मृतीत काहीच फिरत नाही अशा अर्धवाहक स्मृतीने. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांचा ज्यात मोठा वाटा होता त्या एमपीथ्री पद्धतीने, मानवी कानाला जे ऐकूच येत नाही ते गाळून गाणे लहान केले, आणि अर्धवाहक स्मृतीने त्याला न हलणारे घर दिले. सामान्य प्रतीच्या मुद्रणात एका मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट जागा लागते. म्हणजे चार गिगाबाइटांच्या चिमुकल्या यंत्रात जवळजवळ सत्तर तासांचे गाणे मावते. दुकानदार याच्या आठपट जागा असलेले यंत्र पुढे करील. रोज तासभर चालणाऱ्याने ते नम्रपणे परत करावे.

परंतु स्वतंत्र यंत्र घ्यावेच कशाला? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये गाणी आहेत. हा आक्षेप रास्त आहे, आणि बाजाराने तो मान्यही केला: २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबले. तरीही लहान प्लेअर आजही मिळतात, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. फोनचे वजन दोनशे ग्रॅमच्या घरात असते; धावताना तो खिशात आदळत राहतो. २००६ साली निघालेला चिमट्याचा आयपॉड शफल अवघ्या सोळा ग्रॅमांचा होता. शिवाय सचिवालयातील एखाद्या अधिकाऱ्याचा फोन पहाटे साडेपाचलाही त्याला सचिवालयातच ठेवतो. फिरण्याचा तो एक तास कोणाच्या हाकेचा नसावा, असे ज्याला वाटते त्याने वेगळे यंत्र घ्यावे. मात्र वयस्क माणसाने, विशेषतः हृदयविकार वा मधुमेह असलेल्याने, फोन घरी ठेवून नवा रायपूरच्या निर्जन रस्त्यांवर मुळीच जाऊ नये. तेथे चक्कर येऊन कोणी पडले, तर दुसरा माणूस त्या वाटेने केव्हा येईल याचा भरवसा नाही. त्याने फोन न्यावा, पण मुका करून.

यंत्राला चिमटा असावा. साडीला खिसा नसतो आणि सलवार-कमीजला बहुधा शिंपी ठेवत नाही, ही गोष्ट यंत्रे घडविणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. कळा उंचवट्याच्या, बोटाने चाचपून ओळखता येतील अशा असाव्यात. घामेजलेले बोट काचेच्या पडद्याला समजत नाही. आणि घामाविषयी तर रायपुरात विशेष सांगावयास नको. वैशाखात येथला पारा पंचेचाळीस अंशांशी सलगी करतो. यंत्राच्या वेष्टनावर आयपीएक्स ही अक्षरे आणि पुढे आकडा असतो. चार म्हणजे शिंतोडे सोसणारे, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारे. पण ही परीक्षा गोड्या पाण्याने घेतलेली असते. घामात मीठ असते, ते धातूच्या टोकांना खाते. म्हणून घरी आल्यावर यंत्र कोरड्या फडक्याने पुसावे आणि सुकल्यावरच विजेला जोडावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते कधी ठेवू नये. लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते.

हे सारे झाले सोयीचे. खरी किंमत कान देतो. मनुष्याच्या प्रत्येक कानात, शंखाकृती पोकळीत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा नष्ट झाल्या की मानवी देहात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली अशा यंत्रांसाठी मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढ माणसाने ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्यात चाळीस तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर डेसिबल आहे. येथे एक बारकावा असा, की आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. त्र्याऐंशीला वीस तास, शहाऐंशीला दहा, एकोणनव्वदला पाच. आणि शंभर डेसिबलला आठवड्यातून जेमतेम वीस मिनिटे. पुष्कळ यंत्रे शंभराच्या पलीकडे सहज जातात. तेव्हा आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोय ज्या यंत्रात आहे तेच घ्यावे, विशेषतः घरात मुले असतील तर.

आवाज वाढतो तो भोवतालच्या गलबल्यामुळे. जयस्तंभ चौकातून चालणारा माणूस मोटारींच्या कर्ण्यांवर मात करण्यासाठी नकळत कळ दाबीत जातो. सेंधच्या काठी तीच गाणी निम्म्या आवाजातही स्पष्ट उमटतात. शांतता हे नव्या राजधानीचे धन आहे. पण त्या शांततेला दुसरी बाजूही आहे. रस्ता मोकळा म्हणून वाहनेही भरधाव येतात. पौषातल्या धुक्यात ती दिसत नाहीत, आणि विजेवर चालणारी मोटार तर फारशी ऐकूही येत नाही. कान घट्ट बुजविणाऱ्या, बाहेरचा ध्वनी पुसून टाकणाऱ्या श्रवणिका व्यायामशाळेतील पट्ट्यावर ठीक. या रस्त्यांवर त्या जिवावर बेतू शकतात. मोरितांची नारिंगी कळ आज पुन्हा अवतरली आहे. अनेक नव्या श्रवणिकांत बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असते, ती पाहून घ्यावी. दुसरा मार्ग म्हणजे गालाच्या हाडावर टेकून कंपनांनी ऐकविणारी श्रवणिका. तिने कानाचे दार उघडे राहते. परंतु कंपने अखेर त्याच केशपेशींपर्यंत पोहोचतात, म्हणून आवाजाची मर्यादा तिलाही लागू आहे.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त: एकाच कानात गाणे आणि दुसरा रस्त्याला मोकळा, तोही ज्या बाजूने वाहने येतात त्या बाजूचा. यात एक अडचण मात्र येते. आजची गाणी दोन भागांत मुद्रित केलेली असतात. एका कानात सतार, तर दुसऱ्यात तबला. एकच श्रवणिका लावली तर चालणाऱ्याला नेमका ठेकाच ऐकू येत नाही, आणि ज्यासाठी यंत्र घेतले तेच हातचे जाते. म्हणून दोन्ही भाग एकत्र करून देणारी, मोनो नावाची सोय यंत्रात आहे की नाही हे दुकानातच विचारून घ्यावे. जुन्या भावगीतांच्या आणि नाट्यपदांच्या रसिकाला मात्र याची चिंता नाही. लाखेच्या तबकड्यांवरील ती सारी गाणी मुळातच एकेरी मुद्रित झालेली आहेत, आणि एका कानातही ती पूर्णच वाजतात.